एकटी... आणि चार उंट

परवा भाचीने जाहीर केलं, "मावशी, मी स्पितीला एकटी जाणार." झालं! घरात गोलमेज परिषद. "मुलीच्या जातीने एकटीने?" वगैरे. मीही तावातावाने तिची बाजू घेतली आणि हुकमाचा एक्का टाकला, रॉबिन डेव्हिडसन!

१९७७ साली ही सव्वीस वर्षांची मुलगी चार उंट आणि डिगिटी नावाची कुत्री घेऊन ॲलिस स्प्रिंग्जहून निघाली आणि ऑस्ट्रेलियाचं वाळवंट तुडवत सुमारे २,७०० किलोमीटरवर हिंदी महासागराला जाऊन पोचली. परिषद गप्प. मी खूश.

रात्री तिचं 'ट्रॅक्स' पुन्हा चाळायला घेतलं आणि जरा ओशाळले. मी अर्धीच गोष्ट सांगितली होती.

उंट हाकायला ती शिकली कुणाकडून? इतरांबरोबर सॅले महोमेट या अफगाण वंशाच्या उंटवाल्याकडून. हे 'अफगाण' तिथे आले कसे? १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी चोवीस उंट कराचीहून जहाजाने मेलबर्नला गेले, सोबत उंटवालेही. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती बरं का! पुढे बलुचिस्तान, सिंध, पंजाब, पेशावरकडचे कितीतरी गेले. सगळ्यांना शिक्का एकच, 'अफगाण'. वाळवंटात लोकर, पाणी, तारायंत्राचं सामान यांनीच वाहिलं. आणि नागरिकत्व मागितलं तेव्हा? आशियाई म्हणून अर्ज नामंजूर. १९२० च्या दशकात मोटारट्रक आले, उंट मोकळे सोडले गेले. आज तिथे फिरणारे रानटी उंट त्यांचेच वंशज.

दुसरे एडी. पिट्जनट्जारा जमातीचे हे आजोबा बऱ्याच दिवसांच्या वाटेवर तिच्याबरोबर चालले. नकाशावर जिथे कोरी जागा होती, तिथे त्यांच्या लोकांची हजारो वर्षांची पाणी आणि वाटांची ओळख होती.

म्हणजे ती एकटी नव्हती का? होती ना. विषारी आमिष खाऊन डिगिटी तडफडू लागली, तेव्हा तिला गोळी घालणारी रॉबिन एकटीच होती. तो एकटेपणा कुणी वाटून घेऊ शकत नाही. पण तिथवर पोचवणारं ज्ञान मात्र उसनं होतं, आणि तिने पुस्तकात ते मोकळेपणाने मान्य केलंय. विसरलो ते आपण, तिच्या धाडसाचे दाखले देणारे.

दुसऱ्या दिवशी भाचीला म्हटलं, "जा बिनधास्त. फक्त एक वही ने. रस्ता दाखवणाऱ्या, चहा पाजणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यात लिहून आण."

"एवढंच?"

एवढंच. तेच तर राहून जातं!