धोट्याचा दोरा

परवा भाच्याचा फोन आला होता. त्याचा छोटासा कारखाना आहे, पंधरा-वीस माणसं. बोलता बोलता म्हणाला, "मावशी, माझ्याकडे जातपात अजिबात नाही. डबे खाताना पोरं आपापली वेगळी बसतात, त्यात मी कशाला पडू?"

फोन ठेवला आणि मला मुंबईच्या कापडगिरण्या आठवल्या. तिथे सगळ्या जातींचे कामगार होते. पण साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. आणि पगार चांगला तिथेच! कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. यांच्या तोंडाचा धोटा आम्ही तोंडाला लावायचा? विटाळ!

१९२८ साली मोठा संप झाला, एप्रिल ते ऑक्टोबर. दीडेक लाख कामगार बाहेर. डॉ. आंबेडकरांनी पुढाऱ्यांना बजावलं, की सगळी खाती आमच्या माणसांना खुली करा, ही मागणीही घाला. पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच घातली. मालक म्हणाले, हा अन्याय असला तरी त्याला आम्ही जबाबदार नाही. खरंच, भरती जॉबरच्या हातात सोडून ते मोकळे होते.

आता गंमत बघा. तोंड न लावता ओवता येणारे धोटे तेव्हा निघाले होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने तर तोंडाने ओढायच्या धोट्यांवर १९११ सालीच बंदी घातली होती, रोग पसरू नये म्हणून. म्हणजे अडचण धोट्याची नव्हतीच. धोटे विकत घेणाऱ्याने मनावर घेतलं नाही, एवढंच.

पण भाच्याला शिकवणारी मी कोण? आमच्या स्टाफरूममध्ये शिपाईमामांचा कप खिडकीत वेगळा असायचा. कित्येक वर्षं रोज पाहिला. तिथे तो मी ठेवला नव्हता. पण उचलून बाकीच्या कपांत कधी ठेवलाही नाही. मामा आता नाहीत.

रविवारी भाच्याला फोन करणार आहे. सांगणार आहे, एक लांब टेबल आण, आणि पहिल्या दिवशी तू स्वतः डबा घेऊन तिथे बस. पोरं येतील हळूहळू.

असो. तुमच्या ऑफिसात डबे कसे खातात, जरूर कळवा.