फोटोतल्या माणसाचं नाव

आमच्या घरात एक जुना फोटो आहे. अकरा बँडवाले. खांद्यावर सोनेरी गोंडे लावलेले कोट, मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा, पडद्यावर तळं आणि हंस. उजवीकडून तिसरे माझे चाचा, हातात क्लॅरिओनेट. मुंबईतल्या कितीतरी वराती त्यांनी वाजवत नेल्या. फोटोच्या पाठीमागे शिक्का आहे, तो स्टुडिओचा. वाजवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव नाही.

शहराचा इतिहास म्हटला की आपल्याला गव्हर्नर, गिरणीमालक, पुढारी आठवतात. पण रस्त्यावरून कोण चालत होतं, कोण गात-वाजवत होतं, हे पाहायचं तर फोटोंकडेच जावं लागतं. मुंबईत हे काम फार लवकर सुरू झालं. 1854 साली इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रज फोटोग्राफरने तर मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईत येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांच्या फोटोंचे दोन खंडच काढले, पहिला 1863 मध्ये, दुसरा 1866 मध्ये.

त्यात खोजा आहेत, मेमन आहेत, बोहरी आहेत. पगडीचा पीळ न् पीळ दिसतो. गंमत म्हणजे यातल्या अनेक फोटोंत माणसं एका जागी टिपलेली आणि मागचा देखावा दुसरीकडचा. दोन्ही छापताना जोडलेले. म्हणजे आमच्या चाचांच्या हंसांचीच ही आधीची पिढी!

पण फोटोखाली काय? जातीचं, जमातीचं नाव. समोर उभ्या राहिलेल्या माणसाला त्याचं स्वतःचं नाव बहुधा मिळालं नाही. तो नमुना म्हणून हवा होता. पुढे 1868 ते 1875 या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले, त्यांचीही नजर तीच.

कलावंतांची अडचण आणखी वेगळी. त्या काळी काचेवरचं रसायन ओलं असेपर्यंत फोटो घेऊन लगेच धुवावा लागे. समोरच्याने काही सेकंद हलायचं नाही. मग नाचणारीला बसवायचं, सारंगियाने गज तारेवर टेकवून थांबायचं. नाच गेला, सूर गेला, उरला पोशाख. निदान नाव तरी उरायला हवं होतं.

कलकत्त्याच्या गौहर जान यांनी ते राखलं. 1902 मध्ये त्यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा गाणं संपताच त्या स्वतःचं नाव उच्चारत. तबकड्या परदेशी तयार होत, तिथल्या लोकांना लेबलावर काय छापायचं ते कळावं म्हणून. पुढे त्यांचा फोटो पोस्टकार्डांवर आला, काडेपेट्यांवरसुद्धा आला. पण ही मानकरीण एकटीच. मागे बसून साथ करणाऱ्यांची नावं त्या काळच्या तबकड्यांवर सहसा सापडत नाहीत.

दोष कुणाला देऊ? मी बी.ए. झालो, कविता छापून येऊ लागल्या, दर ईदला चाचांपुढे बसून शीरखुर्मा प्यालो. पण हे बाकीचे दहाजण कोण, एवढं काही विचारलं नाही. ते गेल्यावर फोटो अम्मीपुढे ठेवला. तिने दोघांना ओळखलं. “हा मोठा ढोलवाला, याला तीन मुली. आणि हा ट्रंपेटवाला, जेवायला बसला की आधी बटाटा शोधायचा.” नावं तिलाही आठवेनात.

तुमच्याही घरात भजनी मंडळाचा, मेळ्याचा, कामगारांच्या नाटकाचा एखादा फोटो असेल. घरात वडीलधारं माणूस आहे तोवर तो त्यांच्यापुढे ठेवा. डावीकडून पहिला कोण, दुसरा कोण, काय वाजवायचा, विचारा आणि मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढे उमटतात.

आमच्या फोटोमागे मी अकरा आकडे घातले आहेत. एकापुढे चाचांचं नाव आहे, दोघांपुढे ढोल आणि ट्रंपेट. बाकीच्या आठ ओळी मोकळ्या आहेत.