खारा वारा आणि घसारा

इतिहासाच्या पुस्तकांनी कोकणावर एक मोठा अन्याय केला आहे. सिद्दी आला, पोर्तुगीज आला, इंग्रज आला; कोण कुठल्या साली आला आणि काय काय घेऊन गेला, हे सगळं आम्ही शाळेत घोकलं. पण जो रोज न चुकता येतो, ज्याने कधी कुणाशी तह केला नाही, खंडणी घेऊनही जो परत गेला नाही, त्या खाऱ्या वाऱ्याबद्दल एक ओळ नाही. टीपा लिहा या प्रश्नातसुद्धा तो कधी आला नाही.

मी बँकेत कारकून. शिक्षण बी.कॉम. त्यामुळे माझी इतिहासदृष्टी जमा आणि नावे या दोन रकान्यांपलीकडे जात नाही. पण आमचं घर गुहागरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तेव्हा या शत्रूची खतावणी मी लहानपणापासून पाहत आलो आहे. वाणिज्य शाखेत घसारा काढायच्या मुख्य पद्धती दोन शिकवतात : सरळ रेषेची आणि घटत्या शिल्लकीची. खारा वारा तिसरीच वापरतो. दहा वर्षं काही दाखवत नाही आणि अकराव्या वर्षी सगळी रक्कम एकदम नावे टाकतो.

त्याची कार्यपद्धती साधी आहे. हवेतला दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. (श्रावणात मिठाची बरणी उघडणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हे शास्त्र पदवीशिवाय ठाऊक असतं.) हे खारं पाणी भिंतीत मुरतं. ऊन पडलं की पाणी उडून जातं आणि मीठ आतच खडा धरून बसतं. खड्याला जागा लागते. मुंबईच्या लोकलमधल्या चौथ्या सीटवाल्यासारखा तो आतून ढकलत राहतो, आणि एक दिवस गिलावा खाली येतो.

आमच्या पूर्वजांना हे आकडे माहीत नव्हते, पण त्यांनी बंदोबस्त मात्र नामी केला होता. पहिली फळी वाडीची. समुद्र आणि घर यांच्यामध्ये माड-पोफळी उभ्या. वाऱ्याने आधी त्यांच्याशी झोंबायचं आणि मग दमून घराशी यायचं. दुसरी फळी जांभ्याच्या चिऱ्याची. कंपनी सरकारच्या नोकरीतल्या फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या डॉक्टराने हा दगड मलबारात पाहिला आणि १८०७ साली ग्रंथात त्याला ‘लॅटराइट’ असं नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. खाणीत असतो तेव्हा मऊ, कुऱ्हाडीने तासता येतो. हवा लागली की कडक होतो. थोडक्यात, नोकरीत कायम झालेल्या माणसासारखा.

पण जांभा सच्छिद्र. पाणी पितो. म्हणून त्याच्या अंगावर चुना. किनाऱ्यावर मिळणारे शंख-शिंपले भट्टीत भाजायचे, विरवायचे, वाळूबरोबर बैलाच्या घाणीत मळायचे. कुठे गूळ घालत, कुठे हिरड्याचं पाणी. भाजताना शिंपला जो वायू सोडतो तोच वायू भिंतीवरचा चुना हवेतून हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे समुद्राचाच माल समुद्राविरुद्ध उभा केला, आणि तोही बिनव्याजी. हा चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. आत मुरलेलं पाणी बाहेर पडतं, मीठ वरच्या पापुद्र्यात येऊन बसतं, पापुद्रा सुटतो. दिवाळीच्या आधी नवा हात मारायचा. पापुद्रा सुटण्यासाठीच असतो.

आणि सगळ्यात पुढे, पावसाच्या झडीच्या तोंडावर, झाप. माडाच्या झावळ्या विणून मे महिन्याच्या अखेरीस पश्चिमेच्या भिंतीला बांधायचे. तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस ते अंगावर घेतात आणि पावसाळा संपला की कुजून बंबात जातात. लहानपणी मी काकांना विचारलं होतं, “दर वर्षी नवे कशाला? एकदाच टिकाऊ काहीतरी लावू या की!” काका म्हणाले, “अरे, कुणीतरी कुजणारच. ते झाप कुजतात म्हणून भिंत कुजत नाही.”

पुढे कळलं, की काकांचा हा सिद्धांत इंग्लंडात सर हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. आरमाराच्या जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे असत आणि खारं पाणी ते खाई. डेव्हीसाहेबांनी तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडून दाखवले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. (तांबं वाचल्यावर त्यावर शेवाळ आणि कालवं इतकी वाढली, की जहाजं रेंगाळू लागली आणि आरमाराने तो नाद सोडला. सरकारी योजनांचं असं होतं.) पण तत्त्व टिकलं. १८२९ साली पामर नावाच्या इंजिनियरने पन्हाळी पत्र्याचं पेटंट घेतलं, १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंडाला जस्ताचा मुलामा द्यायची कृती नोंदवली, आणि दोन्ही मिळून आमच्या गोठ्यावर आली. जस्त आधी मरतं. ते संपलं की लोखंडाची पाळी. खाऱ्या वाऱ्यात ती पाळी लवकर येते, हे गोठा सांगेल. त्यापेक्षा मंगलोरी कौल बरं. १८६५ साली बाझल मिशनने मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून ते किनारा धरून आहे. मातीला गंज चढत नाही.

योगायोग असा, की त्याच १८२४ साली लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. एका साली दोन विचार : एक म्हणतो, कुणीतरी दर वर्षी झिजलंच पाहिजे, दुसऱ्याचं वचन, एकदाच बांधा आणि विसरा. आमच्या वाडीने दुसऱ्यावर विश्वास ठेवला. मुंबईच्या मनीऑर्डरी वाढल्या, झाप बांधायला माणसं उरली नाहीत, आणि १९८६ साली आमच्या मागीलदारी स्लॅबची खोली उठली. कंत्राटदार मोठा काटकसरी. “वाळू विकत कशाला? दारात समुद्र आहे!” म्हणजे शत्रूला वेशीबाहेर थोपवायचं सोडून त्याला कालवूनच भिंतीत बसवला. सिमेंटच्या कुशीत सळईला सहसा गंज चढत नाही. मिठाने ते कवच फोडलं की चढतो, आणि गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो. २००१ साली, पंधराव्या वर्षी, स्लॅबचा तुकडा पाटावर पडला. नशीब, पंगत उठली होती. २००० सालच्या भारतीय मानकात किनाऱ्यावरच्या काँक्रीटमध्ये सळईवर निदान ४५ मिलिमीटर आवरण सांगितलंय, समुद्राचे तुषार उडत असतील तिथे ५०. आमच्या सळईवर बोटाचं अर्धं पेर होतं. त्याच कंत्राटदाराने पुढच्या जांभ्याच्या भिंतीलाही सिमेंटचा गिलावा चढवला होता. पाणी आत कोंडलं आणि भिंत वर्षानुवर्षं रडते आहे.

गेल्या गणपतीत आम्ही भाऊ बसलो. थोरला दादा म्हणाला, पाडून बंगला बांधू. धाकट्याने मोबाइलवर एक रंग दाखवला, सात वर्षांच्या हमीचा. मी हिशेब मांडला : चुना, झाप, शाकारणी हा महसुली खर्च आहे, दर वर्षीचा, तुम्ही दोघं त्याला भांडवली करायला निघालात, म्हणून ताळेबंद जुळत नाही. माझ्या पदवीचा कुटुंबात झालेला हा पहिला उपयोग. सिमेंट खरवडून पुन्हा चुना करायचा असं ठरलं. पैसे तिघांचे. “आणि झाप बांधणार कोण?” दादाने विचारलं. सगळे एकदम मोदकांकडे वळले.

काकांची एक वही आहे. त्यात दर वर्षीची नोंद : झाप इतके, काथ्या इतका, गडी इतके. दुसऱ्या दिवशी मी ती चाळली. गेल्या दोन वर्षांच्या गड्यांच्या रकान्यात काकांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं : ‘मिळाले नाहीत. स्वतः.’ काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत.

मुंबईला आल्यावर मी मे अखेरच्या आठ दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला. कारण : झाप बांधणे. मॅनेजरसाहेबांनी चष्मा वर केला.

“हे तुमच्यात धार्मिक असतं का?”

“हो,” मी म्हटलं, “दर वर्षी असतं.”