सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस): गाभडलेल्या शेळीला उघड्या हाताने शिवू नका

शेळी गाभण राहिल्यापासून साधारण १५० दिवसांनी विते. त्यातल्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत ती गाभडली, की घरात कारण ठरलेले असते: दुसरीची टक्कर लागली, नको तो पाला खाल्ला, दृष्ट लागली. टक्कर किंवा बुरशी आलेला चारा ही कारणे खरीही असू शकतात. मात्र एकाच कळपात एकामागून एक शेळ्या गाभडल्या, जार अडकू लागला, करडे अशक्त किंवा मेलेली निघाली, तर ब्रुसेलोसिसचा संशय घ्यावा.

जुळ्या करडांसाठी नावाजलेली उस्मानाबादी शेळी आपल्या जिल्ह्याच्या जुन्या नावानेच ओळखली जाते. बऱ्याच घरांत ती बायकांच्या हाताखाली असते आणि रात्री माणसांच्या शेजारीच बांधली जाते. या रोगात हीच जवळीक अडचणीची ठरते. शेळ्या-मेंढ्यांत तो मुख्यतः ब्रुसेला मेलिटेन्सिस या जिवाणूमुळे होतो, तर गाई-म्हशींत ब्रुसेला अबॉर्टसमुळे. माणसाला दोन्ही बाधतात, पण शेळीकडून येणारा अधिक त्रासदायक.

माणसाला कसा होतो?

कच्च्या दुधातून होतो, हे अनेकांना ठाऊक असते. भूम तालुक्यातला खवा तासभर आटवलेला असल्याने त्याची धास्ती नको. चांगली उकळी आलेल्या दुधात हा जिवाणू टिकत नाही. भीती आहे ती धारोष्ण दुधाची, विशेषतः औषध म्हणून आजाऱ्याला किंवा लेकराला कच्चे पाजल्या जाणाऱ्या शेळीच्या दुधाची.

पशुपालकाच्या घरात त्याहून मोठा धोका उघड्या हातांचा आहे. पडलेला गर्भ, जार आणि गर्भाशयातील स्रावात जिवाणूंची संख्या प्रचंड असते. अडलेले करडू ओढताना किंवा जार उचलताना ते हातावरच्या बारीक खरचटीतून, डोळ्यांतून शरीरात जातात.

लागण झाल्यावर काही आठवड्यांनी ताप सुरू होतो. तो चढतो, उतरतो, पुन्हा येतो. रात्री घाम फुटतो, कंबर व सांधे दुखतात, अंगात त्राण राहत नाही. पुरुषांत वृषणाला सूज येऊ शकते. टायफॉइड किंवा मलेरिया समजून उपचार होतात, थोडा आराम पडतो आणि ताप परततो. म्हणून डॉक्टरांना स्वतःहून सांगावे: घरी शेळ्या आहेत, अमुक महिन्यात एक गाभडली होती, तिचे मी केले होते. या एका वाक्याने रक्ताची योग्य तपासणी लवकर होते. उपचार साधारण सहा आठवडे, बहुधा दोन प्रतिजैविकांचा असतो. बरे वाटले म्हणून तो मध्येच सोडू नये, रोग उलटतो.

शेळी गाभडल्यास

तिला लगेच वेगळे बांधावे. रबरी हातमोजे, तोंडाला कापड, पायात बूट घालूनच गर्भ व जार उचलावा. गरोदर बाईने आणि मुलांनी जवळ जाऊ नये. चार-पाच फूट खड्डा विहिरीपासून लांब घेऊन, वर चुना टाकून पुरावे. उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकले तर कुत्री ते गावभर नेतात. जागेवरचे गवत-पाचट जाळावे, जमीन फिनाईल किंवा ब्लीचिंग पावडरने धुवावी. पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे, म्हणजे नमुना घेता येतो. संसर्गजन्य रोगांसंबंधीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार असा संशय कळवणे मालकाचे कर्तव्यच आहे.

लेंडीखताकडेही लक्ष द्यावे. ओलसर, सावलीतल्या खतात हा जिवाणू काही महिनेही जगतो. उन्हात व कोरड्यात लवकर मरतो. अशा गोठ्यातील खत ताजे उचलून भाजीपाल्याला घालू नये. ढीग करून, पूर्ण कुजवूनच वापरावे.

लस

सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात गाई-म्हशींच्या ४ ते ८ महिने वयाच्या मादी वासरांना ही लस मोफत टोचतात. आयुष्यात एकदाच. नर वासरांना आणि गाभण जनावरांना देत नाहीत. लस जिवंत जिवाणूंची असल्याने टोचताना सुई माणसाला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. टोचल्याची नोंद कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावर करून घ्यावी, कारण लस घेतलेल्या कालवडीची रक्तचाचणी पुढे काही काळ दोषी येऊ शकते.

शेळ्या या लसीकरणात नाहीत. त्यामुळे तिथे भिस्त तपासणीवर आणि खरेदीतल्या सावधपणावर. रक्ताची रोज बेंगाल चाचणी स्वस्त व झटपट असते.

खरी पंचाईत चाचणीनंतरची. शेळीवर औषधोपचार भरवशाचे नाहीत आणि दोषी निघालेली शेळी पाळून चालत नाही. हातावर पोट असलेल्या घराला हा फटका मोठा असतो, म्हणून ती गुपचूप आठवडी बाजारात जाते आणि दुसऱ्याच्या गोठ्यात पुन्हा गाभडते. तिचे काय करायचे ते पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावे. पैदाशीसाठी किंवा दुधासाठी ती कोणालाही विकू नये. गावात एकच बोकड अनेक कळपांत फिरत असेल, तर आधी त्याची चाचणी करावी. बाजारातून आणलेली शेळी महिनाभर वेगळी ठेवून तपासावी; गाभण आणली असेल, तर विऊन जार पडेपर्यंत कळपात सोडू नये.