इंधनाची वाट

होडीच्या पाठीला टांगलेले यंत्र भर पाण्यात बंद पडले, की नाखवा प्रथम यंत्रालाच दोष देतो. वस्तुतः पुष्कळदा यंत्र निर्दोष असते. त्याच्यापर्यंत इंधन पोहोचलेले नसते. इंधनाची ही वाट कशी घडत गेली, हे जाणले तर दोष शोधणे सोपे जाते, असे आम्हांस वाटते.

नॉर्वेत १८७७ साली जन्मलेल्या आणि लहानपणीच अमेरिकेत गेलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली मिलवॉकी येथे हे यंत्र विक्रीस आणले. कॅमेरॉन वॉटरमन यांचा प्रयत्न त्याही आधीचा; परंतु यंत्र लोकप्रिय करण्याचे श्रेय एव्हिनरूड आणि व्यवहार सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी बेस यांच्याकडे जाते. त्या काळी टाकी यंत्रावरच असे व पेट्रोल स्वतःच्या वजनाने कार्ब्युरेटरमध्ये उतरे. वाट आखूड, म्हणून बिघाड थोडे. मात्र टाकी लहान, आणि डुलत्या होडीत ती पुन्हा भरणे धोक्याचे.

१९४९ साली जॉन्सन कंपनीने होडीत ठेवण्याची वेगळी टाकी दिली. आरंभी टाकीत हवेचा दाब देऊन इंधन ढकलले जाई. पुढे यंत्रावरील पंप ते ओढू लागला. तेव्हापासून टाकीत बाहेरची हवा शिरणे अत्यावश्यक ठरले. झाकणावरील हवेचा स्क्रू बंद राहिला, तर टाकीत पोकळी निर्माण होते, नळीवरील रबरी फुगा चपटा होतो आणि यंत्र गुदमरते.

हा फुगाच नाखव्याचा वैद्य होय. तो दाबूनही घट्ट होत नसेल, तर टाकी रिकामी आहे किंवा जोडातून हवा शिरते आहे. दाबत राहिले तरच यंत्र चालत असेल, तर पंपाचा पडदा थकला असण्याचा संभव. फुगा घट्ट असूनही यंत्र उपाशीच असेल, तर गाळणी अथवा कार्ब्युरेटर तुंबलेला असावा.

आज भारतात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषून घेते. पाणी फार झाले, की इथेनॉलसह तळाशी बसते, आणि नळी तर तळातूनच ओढते. म्हणून जुने इंधन टाकीत साठवू नये.

वल्ही मारण्याचे कष्ट वाचावेत म्हणून हे यंत्र जन्मले. तरीही निघण्यापूर्वी हवेचा स्क्रू उघडावा, फुगा दाबून पाहावा आणि होडीत वल्ही ठेवावीत. ओहोटी कोणासाठी थांबत नाही, आणि घरी वाट पाहणारी माणसे असतात.