सहा मिनिटांचा हिशेब

न्यूयॉर्कच्या बड्या वकिली फर्ममधला असोसिएट, म्हणजे पगारी कनिष्ठ वकील, रात्री घरी निघण्याआधी टाइमशीट भरतो: ‘कराराचा मसुदा तपासला, १.४. अशिलाशी फोन, ०.३.’ तासाचे दहा भाग, म्हणजे एक भाग सहा मिनिटांचा. ही वाटणी एखाद्या नफेखोराच्या डोक्यातून निघाली असेल असं कुणालाही वाटेल. तिचं श्रेय मात्र दिलं जातं गरिबांच्या वकिलाला.

रेजिनाल्ड हेबर स्मिथ १९१४पासून बोस्टनच्या लीगल एड सोसायटीत होता. तिथे पैसा तुटपुंजा आणि प्रकरणं ढीगभर, तेव्हा कुठल्या कामावर किती वेळ जातो हे नोंदवणं भागच होतं. १९१९ साली ‘हेल अँड डॉर’ या फर्मचा कारभार हाती घेतल्यावर त्यानं हीच शिस्त तिथे लावली. हेतू साधा होता: काम आपल्याला कितीला पडतं ते कळावं. अशिलाच्या हाती त्या काळी एकरकमी बिल पडे. तास मोजून पैसे मागण्याची रीत नव्हती.

ती रुजवायला हातभार लावला खुद्द अमेरिकन बार असोसिएशननं. १९५८च्या तिच्या एका पुस्तिकेचा सूर असा, की डॉक्टर आणि डेंटिस्ट कमाईत पुढे गेले, वकील मागे राहिले. तेव्हा वेळेच्या नोंदी ठेवा. वर्षाला बिलाचे साधारण १३०० तास होतात, असा तिचा हिशेब. आजच्या असोसिएटला तो वाचून हसू येईल.

तरीही बऱ्याच राज्यांत बार संघटनांची किमान फीची दरपत्रकं चालू होती. मग व्हर्जिनियातल्या गोल्डफार्ब दांपत्यानं घर घ्यायचं ठरवलं. कर्जासाठी मालकीहक्काची तपासणी हवी, आणि ती वकिलानंच करायची. त्यांनी ३६ वकिलांना पत्रं लिहिली. १९ जणांनी उत्तर दिलं, पण दरपत्रकाच्या खाली उतरायला एकही तयार नाही! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७५ साली न्यायालयानं असली दरपत्रकं मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाहीत असं ठरवलं. ग्राहक जिंकला, पण फी ठरवायचं एक जुनं माप गेलं. तास आधीच जोर धरत होता. आता त्याला वाट मोकळी झाली.

पुढचं गणित सरळ आहे. असोसिएटचा पगार ठरलेला असतो, त्याचा तास त्याहून बराच महाग विकला जातो. पगार निघाला की वरचा प्रत्येक तास पार्टनरच्या नफ्यात जमा. १९८५पासून ‘द अमेरिकन लॉयर’ हे मासिक बड्या फर्म्सच्या कमाईची यादी छापू लागलं आणि शेजारच्या फर्ममध्ये एकेका पार्टनरच्या वाट्याला किती येतं हे जगजाहीर झालं. पुढच्याच वर्षी ‘क्रॅव्हाथ’ या फर्मनं नव्या असोसिएटचा पगार ६५,००० डॉलरवर नेला. इतरांना मागे राहून चालेना. वाढलेला पगार भरून काढायला दर वाढवता येतात किंवा तास. फर्म्सनी दोन्ही वाढवलं. आणि सहा तासांचं काम चार तासांत उरकणाऱ्या हुशार पोराला या पद्धतीत मिळतं काय? दोन तासांची तूट.

२००२ साली बार असोसिएशनच्याच एका समितीनं या पद्धतीची दुखणी सविस्तर मांडली. शेवटी फर्म्ससाठी एक आदर्श वर्षही आखून दिलं: एकूण २३०० तास, त्यांतले बिलाचे १९००. १९५८च्या मानानं ६०० जास्त, आणि तेही सुधारणा म्हणून.