आज्ञावलीचा ताळा

यंत्र स्वतः विचार करीत नाहीं; आज्ञा देणारा मनुष्य चुकला कीं, तेंही निमूटपणें चुकतें. संगणकाच्या शैशवांतच हा अनुभव आला. १९४९ सालीं केंब्रिज विद्यापीठांत एडसॅक हा संगणक चालूं लागला आणि त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांना उमगलें कीं, उरलेल्या आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच आज्ञावलींतील चुका हुडकण्यांत जावयाचा आहे!

गणितांत उत्तराचा ताळा पाहतात, तसाच आज्ञावलीचा ताळा म्हणजे युनिट टेस्ट. सारी आज्ञावली पुरी होईपर्यंत न थांबतां तिचा एकेक लहान भाग वेगळा घ्यावा, त्याला प्रश्न घालावा व अपेक्षित उत्तर येतें कीं नाहीं तें पाहावें. हा ताळाही आज्ञावलीच्याच भाषेंत लिहून ठेवला म्हणजे यंत्र तो हवा तितक्या वेळां करतें.

१९९४ सालीं अमेरिकेंतील केंट बेक यांनीं स्मॉलटॉक भाषेकरितां ही रीत लेखांत मांडली. १९९७ सालीं झुरिकहून अटलांटास जाणाऱ्या विमानांत त्यांनीं व एरिक गामा यांनीं जावा भाषेसाठीं जेयुनिट हें साधन रचण्यास आरंभ केला. २०१५ सालीं स्थिर रूपांत आलेल्या रस्ट भाषेंत तर ही सोय मूळचीच आहे. भागाशेजारींच ताळा लिहावा, त्यावर ‘टेस्ट’ अशी खूण करावी आणि ‘कार्गो टेस्ट’ ही आज्ञा द्यावी.

परंतु प्रश्न नेमके हवेत. लीप वर्ष ओळखतांना केवळ ४ नें भाग जातो कीं नाहीं एवढेंच पाहणारी आज्ञावली १९९६ व १९९७ यांची उत्तरें बरोबर देईल. १९०० विचारतांच मात्र ती फसेल. सरसकट शतकवर्षें वगळलीं, तर ती २००० शीं फसेल. चारही प्रश्न लिहून ठेवले, तर पुढील प्रत्येक दुरुस्तीवर त्यांचा पहारा राहतो.

प्रश्न विचारावयाचा राहिला कीं केवढी हानि होते, तें ४ जून १९९६ रोजीं दिसलें. दक्षिण अमेरिकेंतील कुरू येथून सुटलेला युरोपचा एरियन ५ हा अग्निबाण सुमारें ४० सेकंदांत नष्ट झाला. एरियन ४ साठीं लिहिलेला आज्ञावलीचा भाग त्यांत तसाच घेतला होता. नव्या मार्गावरील मोठी संख्या त्याच्या १६ बिटांच्या घरांत मावली नाहीं. नव्या मार्गाचे आंकडे घालून त्याचा ताळा पाहिलाच गेला नव्हता.

ताळ्यानें चूक आहे हें सिद्ध होतें, चूक नाहीं हें नव्हे, असा इशारा संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनीं पूर्वींच दिला होता. जुने प्रश्न न कंटाळतां पुनःपुन्हा विचारण्याचें काम यंत्रानें उचललें. नवा प्रश्न सुचण्याचें काम मनुष्याकडेच राहिलें.